सात वर्षं, पण कधीपासून?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यकारिणीनं मला विषय दिला तो 'नवी गॅजेट्स आणि आपण' असा. गॅजेट्सबद्दल बोल असं मला कधी सांगावं लागत नाही, हे इथं बसलेल्या माझ्या ऑफिसातल्या मंडळींना चांगलं ठाऊक आहे. अडचण असते ती मला थांबवण्याची. त्यासाठी आमच्या सौ.ना घड्याळ देऊन पहिल्या रांगेत बसवलं आहे.

आधी माझी पात्रता सांगतो. फोनवर 'नवीन अपडेट उपलब्ध आहे' असं दिसलं की बहुतेक माणसं 'नंतर' वर बोट ठेवतात आणि कामाला लागतात. मी त्याखालची बारीक अक्षरातली यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. पेपरात कोणी अग्रलेख वाचतं, कोणी राशिभविष्य, तसं माझं हे. हैदराबादेत बदली झाली तेव्हा सहकाऱ्यांनी चारमिनार आणि गोवळकोंडा दाखवायचा बेत केला होता. मी त्याआधीच कोठीची गुजराती गल्ली, अबिड्सचं जगदीश मार्केट आणि सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर अशी तीन तीर्थक्षेत्रं उरकून आलो होतो. चारमिनार काय, तो अपडेट न होता चारशे वर्षं उभा आहे, पळून जाणार नव्हता.

पण एक गोष्ट बदलली आहे, आणि आज मला तिच्याबद्दल बोलायचं आहे. पूर्वी नवीन वस्तू घरी यायची ती खोक्यातून. आपण दुकानात जायचो, घासाघीस करायचो, खोकं उघडायचो, थर्माकोलचा तो आवाज व्हायचा. आता फोन तोच, खिशात तोच, आणि आपण झोपेत असताना तो निराळा होऊन बसतो.

ऑगस्ट २०२५ मधलं उदाहरण तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी अनुभवलं असेल. गणपती चार दिवसांवर आलेले, गावाकडून फोन येण्याचे दिवस. आणि देशभर अनेकांच्या अँड्रॉइड फोनवर कॉल घेण्याचा पडदाच बदलला. हिरवं बटण नेहमीच्या जागी नाही, वर सरकवायचं ते आता आडवं सरकवायचं, 'रिसेंट्स' आणि 'फेव्हरिट्स' एकत्र होऊन 'होम' नावाच्या पानात गेलेले. लोक घाबरले. फोन हॅक झाला अशा अफवा निघाल्या. खरी गोष्ट एवढीच होती, की गूगलनं आपल्या फोन ॲपचं रूप बदललं होतं, आणि अनेक कंपन्यांच्या फोनांमध्ये कॉलसाठी तेच ॲप असतं.

सगळ्यांचा प्रश्न एकच होता. मी तर काही अपडेट केलंच नाही, मग बदललं कसं? याचं उत्तर समजून घेण्यासारखं आहे. ॲपची नवी आवृत्ती पुष्कळदा आधीच, गुपचूप, फोनमध्ये येऊन पडलेली असते. नवं रूप तिच्यात असतं, पण झाकलेलं. मग कंपनी आपल्या सर्व्हरवरून एक खटका दाबते आणि झाकण उघडतं. आधी थोड्या लोकांचं, मग पुष्कळांचं. म्हणून नवऱ्याच्या फोनवर जुनं आणि बायकोच्या फोनवर नवं असंही झालं, आणि त्यावरून काही घरांत संवाद घडले असतील ते मी सांगत नाही.

आता माझी प्रतिक्रिया सांगतो. मला तो बदल आवडला. खिशातून फोन काढताना चुकून कॉल उचलला जायचा किंवा कापला जायचा, ते आडव्या सरकवण्यानं कमी होतं, आणि कंपनीनंही कारण तेच दिलं होतं. शिवाय ज्याला सरकवणं नको त्याला सेटिंगमध्ये नुसतं एकदा टेकवून कॉल घेण्याची सोय होती. तंत्र म्हणून उत्तम. पण माझी आई नांदेडला असते, वय चौऱ्याहत्तर. तिच्यासाठी फोन उचलणं हे दाराची कडी काढण्यासारखं आहे. ती कडीकडे बघत नाही, हात आपोआप जातो. उद्या कोणी येऊन रात्रीत कडी दाराच्या दुसऱ्या बाजूला बसवली आणि म्हणालं, 'काकू, संशोधनाअंती ही जागा जास्त सोयीची ठरली आहे', तर? संशोधन खरं असेलही. पण दार काकूंचं होतं.

अपडेट म्हणजे ताप, असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. मराठीपुरतं बोलायचं तर फोनमध्ये आपली भाषा अपडेटनंच आली. ज्यांनी पहिल्या पिढीचे स्मार्टफोन वापरले त्यांना आठवत असेल, मराठी मजकूर आला की चौकोनांची रांग दिसायची. जरा बऱ्या फोनवर अक्षरं दिसायची, पण पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसलेली आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. २०१४ हे वर्ष मी माझ्या डायरीत लाल शाईनं लिहिलं आहे. त्या वर्षी अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत मराठी ही फोनची भाषा म्हणून निवडता येऊ लागली, आणि त्याच वर्षी आयफोनच्या आठव्या आवृत्तीत मराठी कीबोर्ड आला. ज्यांच्या फोनला ते अपडेट मिळालं त्यांना त्यासाठी एक रुपयाही द्यावा लागला नाही.

मराठी नीट दिसणं ही साधी गोष्ट नाही, बरं का. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द घ्या. एकात गुरुजी आहेत, दुसऱ्यात महाप्रसाद रांधणारे. फरक फक्त त्या अर्ध्या र चा. दुसऱ्या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा र मराठीला लागतोच, आणि तो उमटवायला युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला वेगळा ऱ वापरावा लागतो. ज्या कीबोर्डवर तो सापडत नाही, तिथे मंडळाच्या जमाखर्चात 'आचार्यांना दिलेले मानधन' असं लिहिलं जातं आणि हिशेब तपासनीस विचारात पडतात, की यंदा प्रवचन कधी झालं?

आपण तेलंगणात आहोत, तेव्हा इथल्या लिपीची एक गोष्ट सांगायलाच हवी. फेब्रुवारी २०१८ मध्ये असं लक्षात आलं, की तेलुगूतलं एक विशिष्ट 'ज्ञा' आयफोनवर आलं की ॲप बंद पडतं. ते दिसायला साधं, पण त्याच्या पोटात एक न दिसणारं चिन्ह होतं. कोणी ते मेसेजमध्ये पाठवलं की ते ॲप उघडेना, आणि सूचनेत आलं तर फोनच अडकून बसे. जगभर टवाळांना खेळ मिळाला. १९ फेब्रुवारीला कंपनीनं ११.२.६ ही दुरुस्ती काढली आणि प्रकरण मिटलं. आपल्याकडे 'ज्ञ' म्हणजे ज्ञान; जगातल्या सगळ्यात महागड्या फोनांपैकी एकाला तेच पचेना, याची मला आजही गंमत वाटते. पण गंमत सोडा. आपल्या लिप्यांत अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात, पोटात शिरतात. त्यांची ही रचना सांभाळणारा प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते हजारो मैलांवर बसलेले. चूक राहणारच, आणि ती दुरुस्त व्हायचा मार्ग अपडेट हाच आहे. म्हणून 'मी कधीच अपडेट करत नाही' असं अभिमानानं सांगणाऱ्यांना मी हात जोडतो.

त्यांच्या मनातली भीती मला माहीत आहे. 'अपडेट केलं की फोन मुद्दाम स्लो करतात.' ही शंका एकदा निम्मी खरी निघाली, आणि त्यातलं निम्मं कोणतं ते सांगतो. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलनं आयफोनसाठी १०.२.१ हे अपडेट काढलं. बॅटरी जुनी झाली की ती एकदम मोठा प्रवाह देऊ शकत नाही. अशा वेळी फोनला अचानक जास्त शक्ती लागली की तो बंद पडतो. ते टाळायला ह्या अपडेटनं जुनी बॅटरी असलेल्या फोनांचा वेगच कमी केला. तांत्रिकदृष्ट्या यात चूक काही नाही. म्हातारा बैल पळवत नाहीत. पण मालकाला सांगितलं नाही! लोकांना वाटलं फोन जुना झाला, आणि त्यांनी नवा घेतला. खरं तर नुसती बॅटरी बदलून भागलं असतं. डिसेंबरमध्ये वेग मोजणाऱ्या जाणकारांनी आकडे मांडले तेव्हा ते बाहेर आलं. कंपनीनं माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणला, बॅटरीची तब्येत दाखवणारं पान पुढच्या अपडेटमध्ये दिलं, आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. मला ह्या प्रकरणात स्लो करण्यापेक्षा न सांगणं जास्त खटकलं, आणि अजून खटकतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. (सौ. घड्याळ दाखवताहेत, पण अजून वेळ आहे.)

आईचा फोन मघाशी सांगितला, तो तिनं नांदेडमध्येच, दिवाळीच्या सेलमध्ये घेतला होता. चांगला फोन. काच शाबूत, बॅटरी दिवसभर टिकते, आवाज खणखणीत. एक दिवस तिच्या बँकेच्या ॲपनं सांगितलं, की ह्या फोनवर हे ॲप यापुढे चालणार नाही. फोनमधलं अँड्रॉइड जुनं होतं आणि फोनच्या कंपनीनं अपडेट देणं कधीच थांबवलं होतं. बँकेला मी दोष देत नाही. ज्या फोनच्या कुलपातली भोकं बुजवायला कोणी नाही, त्यावर तिजोरी ठेवू नये हे बरोबरच आहे. पण आईचं काय झालं? पेन्शन जमा झाली का हे बघण्यासाठी तिनं शेजारच्या मुलाला एटीएम कार्ड दिलं आणि पिन एका चिठ्ठीवर लिहून दिला. मुलगा सज्जन, त्यानं पावती आणून हातात ठेवली. मला हे कळलं ते तीन महिन्यांनी, बोलता बोलता. सुरक्षेसाठी बंद झालेल्या ॲपचा शेवट पिनच्या चिठ्ठीत झाला!

आपण सगळेच घरापासून लांब राहणारे आहोत. कोणाची आई परभणीला, कोणाचे वडील साताऱ्याला. त्यांच्या फोनचं अपडेट संपणं ही त्यांची एकट्याची बाब नसते.

आणि हे काही स्वस्त फोनांपुरतं नाही. २०१४ साली ज्या आयफोन ६ साठी रांगा लागल्या होत्या, त्यावर मे २०२५ पासून व्हॉट्सॲप चालेनासं झालं. कॉम्प्युटरचंही तेच. विंडोज एक्सपी आली २००१ मध्ये आणि तिची अपडेट्स ८ एप्रिल २०१४ ला थांबली. विंडोज १० ची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना एक वर्षाची वाढीव मुदत दिली गेली, इतकंच. विंडोज ११ वर जावं म्हटलं तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१६ साली घेतलेला, अजून धडधाकट असलेला कॉम्प्युटर नियमानुसार बाद. त्याला झालेलं काहीच नाही.

दुधाच्या पिशवीवर तारीख असते. औषधाच्या पट्टीवर असते. फोनच्या खोक्यावर किंमत असते, बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, पण अपडेट कधी संपणार हे नसतं. मेगापिक्सेल मात्र मोठ्या अक्षरात.

इथं थोडी सुधारणा झाली आहे, तीही सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलनं पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देऊ असं जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी एस २४ साठी तेच सांगितलं. दोन-तीन वर्षांच्या जमान्यातून एकदम सात! मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचा बाकी होतो. पण दुकानात गेल्यावर एक प्रश्न विचारा: सात वर्षं, पण कधीपासून? तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. फोन बाजारात आला तेव्हापासून. पिक्सेल ८ ची सात वर्षं २०३० च्या ऑक्टोबरात भरतील, मग तुम्ही तो कधीही घ्या. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतो आहे तो तीन वर्षं जुना फोन असेल, तर तुम्हाला सातातली चारच मिळताहेत. आणि ज्या फोनला मुळात तीनच वर्षं कबूल केलेली, तो दोन वर्षांनी स्वस्तात घेतला तर हातात उरतं एक. सेलमधली किंमत उरलेल्या वर्षांनी भागून बघा. गणित चौथीतलं आहे, पण दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

युरोपीय संघानं याबाबत जास्त शहाणपणा दाखवला. २० जून २०२५ पासून तिथे विक्रीला येणाऱ्या फोनांसाठी असा नियम आहे, की त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर, म्हणजे शेवटचा नग बाजारात गेल्यावर, पुढे किमान पाच वर्षं अपडेट मिळत राहिली पाहिजेत. मोजणी सुरुवातीपासून नाही, शेवटापासून. शेवटी घेणारा माणूस फसत नाही. आपल्या सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एका जागी मिळावी म्हणून. चांगलंच आहे. पण खोक्यावरची ती एक तारीख मला त्याहून जास्त हवी आहे.

कोणी विचारेल, अपडेट आल्या दिवशी घ्यावं की थांबावं? मी माझ्या फोनवर पहिल्या तासात घेतो. तो माझा छंद आहे आणि छंदाची किंमत मी देतो. आईच्या नव्या फोनवर मोठी आवृत्ती आली तर पंधरा दिवस थांबतो आणि नांदेडला गेलो की समोर बसून करतो. महिन्याची सुरक्षेची छोटी अपडेट्स मात्र थांबवत नाही. थांबण्याचा उपाय प्रत्येक वेळी चालतोच असंही नाही. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्या शमशाबाद विमानतळावर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यात गंमत ही होती, की ज्या कंपन्या नवी आवृत्ती मुद्दाम उशिरा घेत होत्या त्याही सापडल्या. कारण ही फाइल आवृत्तीच्या रांगेतून न येता वेगळ्या दारानं थेट आत जायची. त्या दिवशी ज्याच्याकडे बॉलपेन होतं तो विमानात बसला.

एआयबद्दल विचारू नका. त्याला पुढच्या वर्षीचा एक वार लागेल, आणि कार्यकारिणीनं तो द्यावा अशी माझी विनंती नोंदवून घ्यावी.

शेवटचं, मंडळाच्या घरचं. आपल्या स्मरणिकांच्या जुन्या फाइल्स सीडीवर आहेत. मी मागे त्यातल्या काही उघडून बघितल्या. पडद्यावर आली ती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. फाइल्स बिघडलेल्या नाहीत. त्या काळातल्या डीटीपीच्या बऱ्याच फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच कधी. फॉन्टनं मराठी सोंग घेतलं होतं. तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर नाही, सोंग उतरलं. आपल्या दिवंगत सभासदांचे लेख, सुलतान बाजारातल्या जुन्या उत्सवाच्या आठवणी, निजामाच्या काळात मराठवाड्यातून इथं आलेल्या कुटुंबांच्या हकिकती, त्या डॉलरच्या चिन्हांत अडकून पडल्या आहेत. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण ती जोडाक्षरांत चुका करतात, आणि त्या चुका डोळ्यांनीच काढाव्या लागतात. मला चार जण हवेत. कॉम्प्युटर येण्याची अट नाही; मराठी शुद्ध वाचता आलं की पुरे. इथल्या काकूंपैकी कोणी पुढे आल्या तर फारच उत्तम. ज्यांच्या घरी जुन्या स्मरणिकांच्या छापील प्रती असतील त्यांनी त्या रद्दीत न देता मंडळात आणून द्याव्यात, ताडून बघायला लागतील.

आणि विसर्जनापर्यंत रोज आरतीनंतर मी मंडपाच्या डाव्या हाताला, चपलांच्या स्टँडजवळच्या टेबलावर बसणार आहे. घरातल्या मोठ्या माणसांचे फोन घेऊन या. सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची एक ओळ असते, तिच्यापुढची तारीख आपण बघू. कॉलचं बटण हरवलं असेल तर तेही जागेवर आणून देतो. येताना चार्जर आणा, कारण मागच्या वर्षी सगळ्यांनी माझाच वापरला आणि अजून तो परत आलेला नाही.

गणपती बाप्पा मोरया!